मुशीच्या तेलातले ग्लव्ह्ज

मी जळका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. ऑफिसात कुणाला बढती मिळाली की माझ्या पोटात दुखतं. शेजाऱ्यानं नवा रेडिओ आणला की मला त्यातली फक्त खरखर ऐकू येते. माझ्यानंतर नोकरीला लागलेला श्यामसुंदर माझ्याआधी हेडक्लार्क झाला, त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलतो, आणि काम फारसं निघू देत नाही. या स्वभावाचे तोटे मला घरात रोज ऐकवले जातात. फायदा एकच आहे. दुसऱ्याच्या पोटातलं दुखणं मला लांबून ओळखू येतं. खारदांड्याच्या रामनाथ नाखव्याचं दुखणं तसंच ओळखू आलं. बाकी सगळा कोळीवाडा त्याला देवमाणूस म्हणतो. म्हणू देत बापडे.

रामनाथ एका होडीचा मालक, म्हणून नाखवा. बुटका, रुंद, मान जवळजवळ नाहीच. डावा अंगठा मात्र वाकडा, खिळा ठोकताना वाकावा तसा. लढाईच्या काळात तो नेव्हीत होता आणि तिथं कुणा गोऱ्या साहेबानं त्याला बॉक्सिंग शिकवलं. लढाई संपली, रामनाथ दांड्याला परत आला, बापाची होडी सांभाळू लागला आणि जाळी ठेवायच्या खोपीत त्यानं बॉक्सिंगचा आखाडा सुरू केला. जुन्या शिडाच्या कापडाचं पोतं शिवलं, त्यात फाटकी जाळी ठासून भरली आणि ते आढ्याला टांगलं. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून ठेवतात, तेव्हा नारळी पौर्णिमेपर्यंत कोळ्यांच्या पोरांना जाळी विणण्यापलीकडे उद्योग नसतो. ती सगळी रामनाथच्या खोपीत यायची आणि एकमेकांची नाकं लाल करायची.

मी खारला राहतो. त्या खोपीत माझं काम एवढंच, की स्पर्धेचे कागद इंग्रजीत लिहायचे. म्हणून मला सगळे सेक्रेटरी म्हणत. मी स्वतः त्या पोत्याला एकदाच गुद्दा मारून पाहिला. पोत्याला काही झालं नाही, मी मात्र दोन दिवस ऑफिसात डाव्या हातानं लिहीत होतो.

तेव्हा रामनाथ मला म्हणाला होता, "नागव्या हातानं मारतंय काय? आदी ग्लव्ह्ज कुठचा घालायचा ता शिका, मग मारा."

ग्लव्ह्जच्या बाबतीत तो भयंकर कर्मठ होता. खोपीत एक लाकडी पेटी होती आणि तिची किल्ली त्याच्या करगोट्याला. पेटीत तीन तऱ्हेचे ग्लव्ह्ज असत. पातळ, मुठीला घट्ट बसणारे, ते पोत्यासाठी. पोतं काही तक्रार करत नाही, तेव्हा तिथं कापूस नको, मनगट सरळ राहतं की नाही ते हाताला कळलं पाहिजे. दुसरे सोळा औंसाचे, आत घोड्याचे केस भरलेले, उशीसारखे फुगलेले. ते एकमेकांशी सरावाला भिडताना घालायचे, म्हणजे दोस्ताचं नाक शाबूत राहतं आणि आपली बोटंही. तिसरे आठ औंसाचे, हलके, नाडीचे. ते सामन्याचे. सामन्याच्या आधीचे काही आठवडे तेवढे काढायचे, म्हणजे हाताला अंतराची सवय होते, आणि मोठ्या उशांमागे तोंड लपवायची खोड जाते. इतर दिवशी त्यांना कुणी हात लावला तर रामनाथ त्याच्या पाठीत धपाटा घालायचा.

"बोंबलाची जाली घेवन पापलेटला जाशील तं काय गावंल?" असं तो प्रत्येक नव्या पोराला विचारायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचा, "पानी!"

या कर्मठपणाचं कारण तो वाकडा अंगठा. सत्तेचाळीस साली उपनगरांच्या स्पर्धेत रामनाथ फायनलपर्यंत पोचला होता. तेव्हा त्याच्याकडे ग्लव्ह्जचा एकच जोड, पोत्याचा, पातळ. तोच घालून तो पोतं मारी आणि तोच घालून माणसांशी भिडे. फायनलच्या आदल्या आठवड्यात एकाच्या कपाळावर त्याचा अंगठा मोडला. तरी तो रिंगणात उतरला, तिन्ही राउंड एका हातानं खेळला आणि हरला. चांदीचा कप टेबलावर ठेवलेला होता, हात लांब केला असता तर लागला असता, असं तो सांगायचा. हे त्यानं मला इतक्या वेळा सांगितलं होतं, की तो कप मी न बघता चितारला असता. चुकीच्या ग्लव्ह्जनं माझा कप खाल्ला, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

आता चंदरचं सांगतो. चंदर रामनाथच्याच होडीवर खलाशी. आईबाप लहानपणीच गेलेले. रामनाथची बायको कमळ हिनं त्याला पाठच्या भावासारखं वाढवलं होतं. विशीतला पोरगा, काठीसारखा, हसला की सगळे दात दिसायचे. अशा माणसाचा राग येणं कठीण असतं, म्हणून मला त्याचा पहिल्या दिवसापासून राग यायचा. दोन पावसाळे तो रामनाथकडे शिकला. चोपन्न साली जेठात होड्या वर घेतल्या, आणि एका दुपारी गुरुशिष्य सरावाला भिडले, तेव्हा मी तिथंच बाकावर बसून स्पर्धेचा कागद लिहीत होतो. चंदरचा डावा हात रामनाथच्या नाकावर टेकला आणि परत गेला. रामनाथनं मान हलवली, तोवर पुन्हा टेकला. पोरं खो-खो हसली. रामनाथही हसला. इतपत ठीक होतं.

पण कमळ दारात उभी होती. डोक्यावर रिकामी टोपली, खारच्या बाजारातून परत येत असलेली. तिला चंदरचं फार कौतुक, आणि तिचा आवाज वरळीपर्यंत ऐकू जाईल असा.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "आता तुमचा कप आमचा चंदर आननार बगा!"

मी त्या वेळी रामनाथच्या तोंडाकडे बघत होतो. श्यामसुंदरच्या टेबलावर हेडक्लार्कची पाटी लागली, तेव्हा माझं तोंड आरशात जसं दिसलं असतं, तसंच ते दिसलं. हसू होतं तिथंच राहिलं, पण डोळे त्यातून निघून गेले. तुमचा कप! बाईनं दोन शब्दांत नवऱ्याचं सगळं आयुष्य उचलून भावाच्या ओंजळीत टाकलं, आणि टोपली सावरत घरी निघून गेली. तिला कळलंही नाही.

त्यानंतर रामनाथ चंदरशी अधिकच गोड बोलू लागला. जळणारी शहाणी माणसं असंच करतात.

आषाढात आमच्याकडे सगळ्याला बुरशी येते, चपलांना, पट्ट्यांना, देवघरातल्या पोथ्यांना. ग्लव्ह्जनाही आली. चंदरला सरावाला दिलेल्या सोळा औंसाच्या जोडावर पांढरे ठिपके दिसू लागले. आता कोळ्याला बुरशी आणि कुजणं म्हटलं की एकच औषध ठाऊक. होडीचं लाकूड कुजू नये म्हणून ते मुशीच्या काळजाचं तेल काढून होडीला चोपडतात. मुशी म्हणजे तो छोटा शार्क. त्या तेलाचा वास एकदा नाकात गेला की दोन दिवस जेवण जात नाही. चंदर एक डबाभर तेल घेऊन खोपीत आला आणि मोठ्या भक्तिभावानं म्हणाला, "नाखवा, होरीला लावतो तसा यांना पन लावला तं?"

रामनाथ ग्लव्ह्जना पाण्याचा थेंब लागू देत नसे. घाम आला तरी आतून कापड घालून सावलीत वाळवायला लावी. एकानं जोड बाहेर दवात विसरला, तर त्याला त्यानं तीन दिवस खोपीत पाऊल टाकू दिलं नव्हतं. आतले घोड्याचे केस ओल पितात आणि ग्लव्ह कामातून जातो, हे मला त्यानंच शिकवलेलं. तेव्हा आता हा डबा चंदरच्या डोक्यावर उपडा होणार म्हणून मी माझे कागद बाजूला घेतले.

रामनाथनं तेलाकडे पाहिलं. मग चंदरकडे. मग दाराबाहेर पाहिलं, जिथं कमळ वाळवणावर ताडपत्री ओढत होती.

"लाव," तो म्हणाला. "रोज लाव. आतपर्यंत मुरूं दे."

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. मी म्हटलं, "नाखवा, तुम्हीच म्हणता ना की—"

"सेक्रेटरी, तुमी कागद लिवा," रामनाथ म्हणाला. तो माझ्याशी इतकं तुटक कधी बोलला नव्हता.

चंदरनं तेल लावलं. दुसऱ्या दिवशी लावलं, तिसऱ्या दिवशी लावलं. आज्ञाधारक पोरगा, त्यानं तेल आतपर्यंत मुरवलं. श्रावण लागेपर्यंत ते ग्लव्ह्ज काळे, चकचकीत आणि असे जड झाले, की मी एक उचलून पाहिला तर ओल्या वाळूची पिशवी हातात घेतल्यासारखं वाटलं. त्यातच रामनाथनं नवा कायदा काढला. चंदरला पोत्यावर हेच, माणसाशी भिडायलाही हेच. पातळ जोड पेटीत, सामन्याचा जोडही पेटीत, किल्ली करगोट्याला. इतर पोरांना मात्र तो पूर्वीसारखाच तीन तऱ्हांचा पाठ देत होता. एका तोंडानं बोंबलाची जाळी आणि पापलेटची जाळी, आणि दुसऱ्या तोंडानं चंदरला म्हणायचा, "तुजा हात वेगला. तुना ह्येच."

बाकीच्यांना वाटलं, लाडक्या शिष्याला काही खास विद्या चालली आहे. मला काय चाललंय ते दिसत होतं. ज्या चुकीनं याचा कप गेला, तीच चूक याला चंदरवर उतरवायची होती. चुकीचे ग्लव्ह्ज कप खातात हे याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बिनबोभाट काम. वर पोरगं स्वतःच तेल घेऊन आलेलं, याच्याकडे बोट दाखवायची सोय नाही. खोटं कशाला बोलू, मला त्या कारस्थानाचा हेवा वाटला. श्यामसुंदरसाठी मला इतकं सुबक काही आयुष्यात सुचलं नव्हतं.

त्या ग्लव्ह्जचा वास आणि वजन असं, की चंदरशी भिडायला कुणी तयार होईना. एक गुद्दा लागला की डोकं बधिर, आणि तोंडाला येणारा वास आंघोळीनं जात नसे. शेवटी एकटा रामनाथच उरला. तो स्वतः हलका जोड घालायचा आणि चंदरला बडवायचा. चंदरचे हात त्या ओझ्यानं वर येईतोवर रामनाथचा गुद्दा लागून परत गेलेला असायचा. मारताना रामनाथच्या तोंडावर जे सुख असे, ते मी बाकावरून बघत असे. घासभर भात जास्त जात असेल त्याला त्या दिवसांत.

फक्त एक गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात येत नव्हती, रामनाथच्या रागामुळे आणि माझ्या अडाणीपणामुळे. हात वर येत नाहीत म्हटल्यावर चंदर डोकं हलवायला शिकत होता. कमरेतून वाकायचा, गुद्द्याखालून निसटायचा, एक पाय मागे घ्यायचा. दिवसेंदिवस रामनाथचे गुद्दे हवेत जास्त जाऊ लागले. रामनाथला वाटे, आज आपलं ध्यान नाही.

स्पर्धा नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात, वांद्र्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला, इतरांच्या होड्या पाण्यात गेल्या. रामनाथची होडी चंदरच्या स्पर्धेपायी वाळूवरच राहिली, म्हणजे गुरूच्या त्यागाची वार्ताही वाड्यात पसरली. चंदर पहिल्या दोन लढती जिंकला, पण कशाबशा. गुद्दे अंदाज चुकून जात होते, आणि समोरचेही कच्चे होते. फायनलला समोर गिरणीत काम करणारा एक उंच गडी आला. मागच्या वर्षी कप त्यानंच नेला होता. तो कप टेबलावर ठेवला होता, आणि सत्तेचाळीस सालचाच होता तो, दरवर्षी नवं नाव कोरलं जाणारा. रामनाथ चंदरच्या कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभा होता. टेबलाकडे त्याची पाठ होती. कमळ कोळीवाड्यातल्या बायका घेऊन पुढच्या रांगेत बसलेली.

पंचांनी नवे कोरे आठ औंसाचे ग्लव्ह्ज बांधले. चंदरनं दोन्ही हात वर करून त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी आपल्या खांद्याला दुसऱ्याचे हात लावले आहेत. आधीच्या लढतींतही त्यानं असंच पाहिलं होतं. पहिल्या राउंडमध्ये त्याचं काही खरं नव्हतं. हात सुटायचा तो इतका लवकर, की समोरचा अजून जागेवर पोचलेलाच नसायचा. एकदा तर स्वतःच्याच झोकानं तो दोरावर जाऊन आदळला. लोक हसले. गिरणीवाल्यानं त्याच्या बरगड्यांवर दोन-तीन चांगले ठेवून दिले. मी रामनाथकडे पाहिलं. त्याच्या गालावर रंग चढला होता. सत्तेचाळीस सालानंतर पहिल्यांदाच तो मोकळा श्वास घेतोय असं मला वाटलं.

राउंड संपला. चंदर स्टुलावर येऊन बसला आणि धापा टाकत म्हणाला, "नाखवा, मना माजे हात लागतच नाय. हात गेले कुठं माजे?"

कुठल्याही वस्तादानं सांगितलं असतं, एक दम थांब, मग सोड. रामनाथला तर ते झोपेतही ठाऊक असणार. त्यानं चंदरचं तोंड पुसलं, पाणी दिलं आणि टॉवेलाची घडी घातली. तोंडातून एक शब्द काढला नाही. चंदरनं एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं, मान डोलावली आणि उठला.

दुसऱ्या राउंडला त्यानं मारायचं थांबवलं. गिरणीवाला येईल तसा कमरेतून वाकत राहिला, खोपीत वाकायचा तसाच. तो गडी एकसारखा हवेत मारत होता आणि चंदर त्याच्या काखेखालून निघून जात होता. आणि मग चंदरला आपले हात सापडले. ते मला सांगता येत नाही, कारण मला दिसलंच नाही. आषाढ-श्रावण वाळूच्या पिशव्या उचललेले ते हात, त्यांना आता काही ओझंच नव्हतं. डावा, डावा, उजवा, आणि पुन्हा डावा. तिसरा राउंड लागलाच नाही. गिरणीवाला खाली बसला आणि बसूनच राहिला. पंचांनी आकडे मोजायचं सोडून चंदरचा हात वर केला.

कमळची किंकाळी वरळीपर्यंत गेलीच असणार. मी टाळ्या वाजवल्या, पण माझी नजर रामनाथवर होती. तो टॉवेल पिळत होता. टॉवेल कोरडा होता.

त्याचे पुढचे हाल वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दांड्यात बँडबाजा वाजला. नवी होडी पाण्यात घालताना तिला जशी हळदकुंकू लावून पूजतात, तसे त्या दोन काळ्या, घाणेरड्या, तेलकट ग्लव्ह्जना हळदकुंकू लावलं होतं. वर झेंडूच्या माळा. ते चंदरनं ताटात धरले होते आणि सगळा वाडा मागून नाचत होता. मिरवणूक रामनाथच्या दाराशी थांबली. कमळनं दोघांना ओवाळलं, आधी भावाला आणि मग नवऱ्याला. चंदर पायरीवर उभा राहून सगळ्यांना ओरडून सांगू लागला.

"दुसरा कोन वस्ताद असता तं तेल बघून मना खोपीभायेर काढला असता! नाखवा बोलले, लाव. मना जड हात दिला, म्हनून हलका हात लागला. फायनलला मी इचारला, हात कुठं गेले, तं नाखवा काय पन बोलले नाय. तवाच मना समजला, आपला आपनच शोदायचा. असा गुरू कोनाचा हाय?"

लोकांनी "रामनाथ नाखव्याचा" म्हणून गजर केला. चंदरनं कप काढला आणि रामनाथच्या हातात ठेवला. "ह्यो तुमचा," तो म्हणाला. "तुमचाच व्हता."

सात वर्षं ज्याच्यासाठी जीव जाळला, तो कप रामनाथच्या हातात आला, आणि त्याला तो टाकताही येईना, धरताही येईना. कपावर चंदरचं नाव कोरलेलं. कमळनं तो देवघरात, एकवीरेच्या तसबिरीशेजारी ठेवला. रोज सकाळी देवीला हात जोडताना रामनाथला त्या कपालाही हात जोडावे लागत. हे मला कमळनंच कौतुकानं सांगितलं, आणि माझ्याच अंगाचा तिळपापड झाला, त्याचं काय झालं असेल!

तो हळूहळू सुकत गेला. होडी दर्यावर जाऊन आली की चंदर पहिला मोठा पापलेट गुरूचा म्हणून कमळच्या टोपलीत ठेवी. तो मासा रामनाथच्या ताटात येई आणि त्याला तो बायकोसमोर खावा लागे. वाटेत माणसं त्याला वस्ताद म्हणून नमस्कार करीत. शेवटी एका संध्याकाळी, आम्ही तिघं वाळूवर बसलो होतो, चंदर जाळं सांधत होता, तेव्हा रामनाथचा बांध फुटला.

"चंदर, ऐक," तो म्हणाला. "तेल मी कशापायी लावूं दिला म्हाईत हाय? तुजी वाट लागावी म्हनून. हात जड व्हवन तू हरावास म्हनून. फायनलला मी बोललो नाय, ता पन त्याच्यासाठीच. मना तुजा कप बगवत नव्हता. समजला?"

चंदरनं जाळं खाली ठेवलं. या पोराच्या तोंडावरचं हसू एकदा तरी उतरताना बघायला मिळावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. चंदरनं रामनाथकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डोळ्यांत पाणी येईतोवर हसला.

"नाखवा, तुमी पन ना!" तो म्हणाला. उठून आला, वाळूत वाकला आणि रामनाथच्या पायांवर डोकं ठेवलं. "बघा सेक्रेटरी, खरा मोठा मानूस हाय. केलेला उपकार पन कबूल करीत नाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या दांड्यात झाली. आता रामनाथच्या विद्येच्या जोडीला त्याच्या विनयाचीही कीर्ती पसरली. मला वाटलं होतं तो खोप बंद करील. केली असती तर लोक म्हणाले असते, वस्ताद विरक्त झाला.

पुढच्या जेठात होड्या पुन्हा वाळूवर आल्या. वेसाव्याच्या, मढच्या कोळीवाड्यांतून जवान पोरं खोपीत आली, आणि प्रत्येकाच्या हातात मुशीच्या तेलाचा डबा. तीन तऱ्हांच्या ग्लव्ह्जचा पाठ ऐकायला आता कुणी तयार नव्हतं. पातळ जोडाला आणि सामन्याच्या जोडाला पेटीत बुरशी चढत होती. चंदरला त्या वर्षी वरच्या स्पर्धेला जायचं होतं, सगळ्या मुंबईच्या. त्यानं सोळा औंसाचा नवा जोड आणला, रामनाथच्या मांडीवर ठेवला आणि डबा उघडून समोर सरकवला.

"पयला हात तुमचा, नाखवा," तो म्हणाला आणि पोरांना घेऊन वाळूवर पळायला गेला.

खोपीत आम्ही दोघंच राहिलो. रामनाथनं फडकं तेलात बुडवलं आणि ग्लव्हवर फिरवायला सुरुवात केली. शिवणीत, अंगठ्याच्या खाचेत, नाडीच्या भोकांत. वाकड्या अंगठ्यानं तो तेल आत दाबत होता, मुरेल तितकं. स्वतःच्या होडीलाही त्याला इतकं निगुतीनं चोपडताना मी पाहिलं नव्हतं. आणि मला चंदरचा असा काही हेवा वाटला म्हणून सांगू! माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यावर इतक्या मनापासून कुणी जळलेलं नाही. श्यामसुंदरला तर मी काय करतो हेसुद्धा ठाऊक नसतं.

बराच वेळ गेल्यावर रामनाथनं दाराकडे पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली आणि माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "सेक्रेटरी, यंदा तरी हरंल का वो?"

मी त्याच्या हातांकडे पाहिलं. "इतकं मन लावून चोळताय," मी म्हटलं, "कसा हरेल?"

रामनाथनं डबा जवळ ओढला आणि दुसरा ग्लव्ह मांडीवर घेतला.